कोपऱ्यावरच्या साहेबांची रॅम

"ऐकलं का काकू? कोपऱ्यावरच्या साहेबांचा कॉम्प्युटर आज पुन्हा दुकानात गेला. ऑटोत ठेवताना पाहिला मी."

"पुन्हा? बाप्पा! आत्ता तर आला होता परत."

"हो ना. साहेबांच्या मिसेस सांगत होत्या, दुपारी बारा वाजले की आपोआप बंद पडतो म्हणे. सकाळी चालतो, रात्री चालतो. दुकानदार म्हणतो, माझ्याकडे तर काही होऊन नाही राहिलं."

"त्याच्या दुकानात एसी आहे ना, होईल कसं? त्याने तो कॉम्प्युटर मे महिन्यात साहेबांच्या वरच्या खोलीत ठेवून पाहावा. ती खोली पश्चिमेची, वर स्लॅब. दुपारी माणूस बंद पडेल तिथे."

काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. नागपुरातली २००८ सालची मे महिन्यातली संध्याकाळ, म्हणजे सात वाजले तरी भिंत गरमच. पण विषय काकूंच्या आवडीचा निघाला होता. पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधून निवृत्त झालेल्या काकूंकडे कॉलनीतले सगळे इन्व्हर्टर, मिक्सर आणि टीव्हीचे रिमोट येऊन जातात, आणि वस्तूसोबत तिच्या घरची बातमीही येते.

"मला त्याचंच टेन्शन आलंय, काकू. आमचा पोट्टा बारावीचा पेपर संपल्यापासून एकच धरून बसलाय. कॉम्प्युटर पाहिजे, तोही साधा नाही, ओव्हरक्लॉक करायचा. साहेबांच्या पोराने यादी लिहून दिली त्याला. ही पाहा."

चिठ्ठी भिंतीवरून पलीकडे गेली. काकूंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला.

"पेंटियम ड्युअल कोर ई २१६०... बरं. डीडीआर टू १०६६, दोन जीबी, हीट स्प्रेडरवाली... अगं बाई! निळा लाइट असलेलं कॅबिनेट, एसएमपीएससकट. आणि कूलर? कूलर कुठे आहे यात?"

"आहे ना आमच्याकडे कुलर. याच वर्षी नवे ताटे बसवले."

"तुमच्या खिडकीतला नाही गं! प्रोसेसरवरचा. नाहीच लिहिला म्हणजे डब्यातून येतो तोच. तरीच दुपारी बारा वाजता बंद पडतो साहेबांचा. आपलं बिघडलेलं गणित त्यांनी तुझ्या पोट्ट्यालाही उतरवून दिलंय."

"मला आधी हे सांगा, ओव्हरक्लॉक म्हणजे नेमकं काय करतात? पोट्टा म्हणतो, स्वस्तातला प्रोसेसर घेऊन महागाचं काम करून घेतो. मी म्हटलं, असं असतं तर महागाचे विकले कशाला असते कंपनीने?"

"प्रश्न बरोबर आहे. एकाच चकतीतून शेकडो चिप निघतात. त्या तपासून, खात्री पटेल त्या वेगाचा शिक्का मारतात. पण बाजाराला स्वस्त चिपा जास्त लागतात. म्हणून जास्त वेगाने चालू शकणारीवरही कमी वेगाचा शिक्का बसतो. ओव्हरक्लॉकवाले त्या दडलेल्या ताकदीच्या मागे असतात. ती कुणाच्या चिपमध्ये किती निघेल, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही."

"म्हणजे जुगारच झाला."

"थोडासा. पण कधी कधी फार भरवशाचा. आमच्या लॅबमध्ये सेलेरॉन ३०० ए होता, १९९८ सालचा. त्याची बस ६६ मेगाहर्ट्झची, मल्टिप्लायर साडेचार, म्हणून वेग ३००. बस १०० वर टाकली की सरळ ४५०. बहुतेक चिपा मुकाट चालायच्या. दीडपट वेग, फुकट! ओव्हरक्लॉकिंगचं वेड पोरांमध्ये पसरलं ते त्या सेलेरॉनमुळे. आम्ही प्राचार्यांना सांगितलं नव्हतं हा, हे तुझ्यातच ठेव."

"नाही सांगत. पण ते मल्टिप्लायर का काय, ते समजलं नाही."

"साधा गुणाकार आहे. बोर्डावर एक घड्याळ असतं, त्याला बस म्हणतात. प्रोसेसर त्या घड्याळाच्या अमुक पट वेगाने चालतो, तो मल्टिप्लायर. यादीतल्या ई २१६० ची बस २००, मल्टिप्लायर ९, म्हणजे १८००. इंटेलने मल्टिप्लायर वरच्या बाजूने कुलूपबंद केलाय. पूर्वी लोक स्वस्त चिपवरचा शिक्का खोडून महागाचा मारायचे आणि विकायचे, म्हणून कुलूप लावलं असं इंटेलचं म्हणणं. तेव्हा वेग वाढवायचा तर बस वाढवायची. आणि खरी भानगड इथेच आहे, कारण रॅमसुद्धा त्याच बसवर चालते."

"म्हणजे प्रोसेसरला पळवलं की रॅमही पळते?"

"पळावंच लागतं. म्हणून प्रोसेसर आणि रॅम वेगवेगळे निवडायचे नसतात, एकाच कागदावर निवडायचे असतात. पेन आहे?"

पेन नव्हतं. काकूंनी दुधाच्या कूपनांच्या पाठीवर लिहायला घरातून पेन्सिल आणली.

"हे बघ. २००६ च्या जुलैत कोर टू ड्युओ आला, त्यातला सगळ्यात स्वस्त ई ६३००. बस २६६, मल्टिप्लायर फक्त ७. त्याला २८०० वर न्यायचं तर बस ४०० करावी लागते. बस ४०० म्हणजे रॅम डीडीआर टू ८०० पाहिजे, कारण डीडीआर घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माल देते. बोर्डही तेवढी बस सोसणारा पाहिजे. पुढे २००७ च्या जानेवारीत ई ४३०० आला. बस २००, मल्टिप्लायर ९. त्याला ३००० वर न्यायला ३३३ पुरे, म्हणजे रॅम ६६७ वाली असली तरी चालते. कळलं? मल्टिप्लायर मोठा असला की रॅमवर आणि बोर्डावर ताण कमी."

"मग या ई २१६० चा मल्टिप्लायरही नऊच आहे ना. त्याला १०६६ ची रॅम कशाला लागते?"

काकूंनी कपाळावर हात मारला, पण चेहरा खुलला होता.

"तू बँकेत आहेस म्हणून तुझ्या लक्षात आलं. साहेबांच्या लक्षात नाही आलं! अगं, त्यांनी ती रॅम भाच्याकडून सिंगापूरहून मागवली. आत मायक्रॉनच्या डी ९ चिपा आहेत म्हणून अख्ख्या कॉलनीला सांगत फिरले. चिपा चांगल्याच आहेत, शौकीन लोक त्यांच्यासाठी वेडे होतात. पण त्या खुलतात २.१–२.२ व्होल्टवर. डीडीआर टूचा नेमातला आकडा १.८. म्हणजे जास्तीचं व्होल्टेज, जास्तीची उष्णता, आणि मिळालं काय? त्यांची बस ३३३. आता पुढचं गणित नीट ऐक. प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यामधून एका सेकंदाला जास्तीत जास्त साडेदहा जीबी माल जाऊ शकतो, ३३३ च्या बसवर. दोन कांड्या जोडीने लावल्या तर साधी ६६७ ची रॅमही तेवढाच, साडेदहा जीबी देते. १०६६ वाली सतरा देईल. पण नगरपालिकेची लाइन अर्ध्या इंचाची असताना घरात दोन इंची नळ बसवले, तर बादली लवकर भरते का?"

"नाही भरत. म्हणजे पैसे पाण्यात!"

"अगदीच पाण्यात नाही. रॅमकडे मागितलेला डेटा थोडा लवकर मिळतो. पण तो फरक खेळात दिसत नाही, आकडे मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसतो. साहेब तेच आकडे दाखवत बसतात."

"त्यांच्या मिसेस म्हणत होत्या, त्या पैशात फ्रिज आला असता."

"म्हणाल्या? मला तर म्हणाल्या वॉशिंग मशीन!"

दोघी पोटभर हसल्या. गेटाबाहेरून जाणाऱ्या आईस्क्रीमच्या गाडीवाल्याने वळून पाहिलं.

"पण काकू, रॅमवर सीएल ४, सीएल ५ असंही लिहिलेलं असतं म्हणे. पोट्टा म्हणतो, चारवालीच पाहिजे."

"तो आकडा म्हणजे डेटा मागितल्यावर रॅम किती ठोके थांबवते, ते. पण ठोका किती लांब, तेही पाहावं लागतं. ८०० च्या रॅमचा एक ठोका अडीच नॅनोसेकंदाचा. सीएल ५ म्हणजे साडेबारा नॅनोसेकंद. ६६७ च्या रॅमचा ठोका तीन नॅनोसेकंदाचा, सीएल ४ धरला तर बारा. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारख्याच. नुसता चार-पाच पाहून पैसे मोजायचे नाहीत. त्याला म्हणावं, चांगल्या कंपनीची साधी डीडीआर टू ८०० घे, सीएल ५, १.८ व्होल्टवर चालणारी. एक-एक जीबीच्या दोन कांड्या, एकाच वेळी, एकाच दुकानातून. आज एक आणि दिवाळीला दुसरी असं केलं तर नाव तेच असतं, आत चिप वेगळी निघते, आणि मग दोघींचं पटत नाही."

"दोनच जीबी? तो चार म्हणत होता."

"एक्सपी टाकणार ना? ३२ बिटवाली? तिला चार दिले तरी सव्वातीनच्या आसपासच दिसतात. बाकीचा पत्ता ग्राफिक्स कार्ड वगैरेंसाठी जातो. दोन भरपूर आहेत. जागा रिकाम्या ठेव, पुढे लागली तर घेईल."

आतून कुकरची शिटी झाली. काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"बरं, रॅम झाली. प्रोसेसर हाच ठेवायचा का? तो कधी कधी क्वाडचंही नाव काढतो."

"क्यू ६६००. चांगला आहे. गेल्या वर्षी जानेवारीत आला तेव्हा इंटेलचा भाव ८५१ डॉलर होता, जुलैत २६६ वर आला. तेव्हापासून ज्याला त्याला तोच पाहिजे. पण एका टोपीखाली दोन-दोन कोरच्या दोन चिपा आहेत. नेहमीच्या वेगावरच ९५ ते १०५ वॉटचा हिशेब. ड्युअल कोरचा ६५. आणि पोट्टा खेळणार ते बहुतेक खेळ दोनच कोर वापरतात. वरून नागपूरचा मे. नको."

"एएमडी?"

"त्यांचा ५००० प्लस ब्लॅक एडिशन आहे. त्याचा मल्टिप्लायर मोकळा ठेवलाय, बसला हात न लावता वेग वाढवता येतो. शिकायला फार सोपा. पण त्याच वेगावर कोर टू जास्त काम करतो, म्हणून मी त्या बाजूला जात नाही. आणि हा यादीतला ई २१६०, हाही वाईट नाही. आला तेव्हा ८४ डॉलरचा होता, स्वस्त आणि मस्त. पण त्याच्या पोटातली कॅश, म्हणजे हाताशी ठेवायची मेमरी, एकच एमबी. ई ८४०० ची सहा एमबी. दोघेही ३००० वर चालवले, तरी खेळात ई ८४०० पुढेच राहील. वेग सारखा म्हणजे काम सारखं असं नसतं."

"मग ई ८४०० च घ्यायचा?"

"तो १८३ डॉलरचा. आणि मूळचाच ३००० चा, त्याला ओव्हरक्लॉक करायची तुझ्या पोट्ट्याला गरज काय? ऐक. गेल्या महिन्यात ई ७२०० आलाय. १३३ डॉलर. ४५ नॅनोमीटरवाला, म्हणून तापतो कमी. कॅश तीन एमबी. बस २६६, मल्टिप्लायर साडेनऊ. २५३० चा वेग. माझा भाचा म्हणाला, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आला आहे. इथेही येईल पंधरा दिवसांत. आता याची बस ३३३ कर."

"वेग वाढला."

"पंचवीस टक्के! ३१६० च्या आसपास. आणि आता बघ गंमत. पी ३५ चिपसेटचा बोर्ड घेतला तर ३३३ ची बस त्याच्या अधिकृत नेमातच बसते. रॅम ८०० ची आहे, तिला ६६७ वर चालवली तर तिला विश्रांती, ८०० वर चालवली तरी ती आपल्या नेमात. म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरमध्ये नेमाबाहेर कोण चाललाय?"

"फक्त प्रोसेसर."

"बस्स! पहिल्यांदा ओव्हरक्लॉक करणाऱ्याने एवढंच सांभाळायचं. एका वेळी एकालाच ताणायचं. कॉम्प्युटर अडकला तर चोर कोण ते लगेच कळतं. साहेबांनी प्रोसेसर ताणला, रॅमला जास्तीचं व्होल्टेज दिलं, आणि सगळ्यांना विजेचं जेवण घालायला कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस. आता अडकला की कुणाला धरायचं? दुकानदारही वेडा होऊन राहिलाय."

"पण जानेवारीत तर चांगला चालला त्यांचा. मला बोलावून दाखवला होता."

"जानेवारीत रात्री खोलीत किती असतं? वीसच्या आत-बाहेर. आता दुपारी पंख्याखाली अडतीस, चाळीस. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा फेकतो, त्याला हवा थंड करता येत नाही. खोली अठरा अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच वर जाते. जानेवारीत ६० वर असलेली चिप आज ७८ वर. त्यात साहेबांनी व्होल्टेज चढवलेलं. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. व्होल्टेज दहा टक्के वाढवलं की उष्णता एकवीस टक्के वाढली. त्यावर पंचवीस टक्के वेग, म्हणजे झाली दीडपट. मग चिप स्वतःला वाचवायला आधी हळू चालते आणि तरी भागलं नाही की बंद होते. पुण्या-बंगलोरचे लोक सांगतात ते आकडे आपल्याकडे घ्यायचेच नाहीत. नागपूरच्या माणसाने मेअखेरच्या नवतपातच ओव्हरक्लॉक करून पाहावा. तेव्हा टिकला तर वर्षभर टिकतो."

"मग व्होल्टेज वाढवायचंच नाही?"

"ई ७२०० बहुतेक तेवढ्यासाठी मागत नाही. मागितलंच तर एकेक पायरी, आणि तीही थोडीच. यादीतलं निळ्या लाइटचं कॅबिनेट काढ, साधं, समोर आणि मागे पंखा असलेलं घे. वाचलेल्या पैशातून प्रोसेसरचा चांगला कूलर घे. डब्यातल्याला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्यातली एक तरी पूर्ण बसत नाही, आणि एका कोपऱ्यातून चिपला चिकटतच नाही. बसवल्यावर बोर्ड उलटा करून चारही खुंट्यांची टोकं फाकली आहेत का ते डोळ्यांनी पाहायचं. थर्मल पेस्टचा छोटासा ठिपका पुरे, पोळीला तूप लावतात तशी नाही थापायची."

"आणि एसएमपीएस?"

"वेगळा, नावाजलेल्या कंपनीचा. कॅबिनेटसोबत येतो त्यावर ४५० वॉट छापलेलं असतं, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. छापायला काय जातं? वर आपल्याकडे लोडशेडिंग. लाइट जाते-येते तेव्हा पहिला मार त्यालाच बसतो. यूपीएसही धर हिशेबात."

"धरलं. पण समजा, सगळं आणलं, जोडलं. हा पोट्टा पहिल्याच दिवशी ३३३ करून मोकळा होईल."

"तर मला हाक मार, मी येऊन कान धरीन. आधी काही न वाढवता रात्रभर मेमटेस्ट चालवायची. सीडीवरून सुरू होते, विंडोज लागत नाही. एक जरी चूक लाल अक्षरात दिसली, तरी रॅम परत. एक चूक म्हणजे किरकोळ असं नसतं. वाईट रॅमवर विंडोज टाकली की फायली हळूहळू सडतात आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. ती पास झाली की बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन रॅमचा मल्टिप्लायर खाली ठेवायचा, म्हणजे ती वाटेत येणार नाही. मग बस २६६ वरून २८०, ३००, असं चढत जायचं. दर पायरीला प्राइम ९५ चालवायचं."

"ते काय असतं?"

"मोठ्या मूळ संख्या शोधायचा प्रोग्रॅम आहे. जगभरचे हौशी लोक आपापल्या कॉम्प्युटरवर चालवतात. पण त्यात प्रोसेसरला घाम फोडायची एक टेस्ट आहे, आणि उत्तरं आधीच माहीत असल्याने हिशेबात एक आकडा चुकला तरी ती लगेच थांबते. शेजारी कोअर टेम्प उघडून तापमान पाहायचं. दुपारी दोन वाजता, खिडकीतला कुलर बंद करून."

"बंद करून? पोट्टा वितळेल की!"

"वितळू दे. लोडशेडिंगमध्ये यूपीएसवर कॉम्प्युटर चालेल, कुलर नाही चालणार. आणि चालू असला तरी कॉम्प्युटर त्याच्या झोतासमोर ठेवायचा नाही. ताट्यांमधून शिंतोडे येतात, बोअरच्या पाण्याचा क्षार बसतो."

"आणि वाढवता वाढवता सुरूच नाही झाला तर?"

"बोर्डावर बटण-सेल असतो. लाइट बंद करून, वायर काढून, तो थोडा वेळ बाहेर काढला की बायोस मूळपदावर येते. रडायचं कारण नाही. फक्त हे ध्यानात ठेव, डबाबंद प्रोसेसरवर इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी असते, पण ओव्हरक्लॉक केलेल्याला ती लागू होत नाही. म्हणून बिल पक्कं घ्यायचं, सिरियल नंबरसकट. बाकीच्या वस्तूंसाठी तरी ते उपयोगी पडेल. दुकानदार म्हणेल, वहिनी, विना बिल शंभर-दोनशे कमी करतो. करू द्यायचं नाही."

"ते मला सांगायची गरज नाही, काकू."

"हो, तुला नाही. पोट्ट्याला सांग. आणि उद्या त्याला माझ्याकडे पाठव. मी त्याला एकच प्रश्न विचारणार. ३३३ ला साडेनऊने तोंडी गुण म्हणून. जमलं तर मी स्वतः बर्डीवर त्याच्यासोबत दुकानात येते."

"तोंडी? एकतीसशे त्रेसष्ट आणि अर्धा."

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. मग कूपनाच्या पाठीवर गुणाकार केला. मग पेन्सिल कानावर अडकवली.

"पोट्ट्याला राहू दे," त्या म्हणाल्या. "शनिवारी बँक अर्धा दिवस असते ना? आपण दोघीच जाऊ."